एकच शब्द, देशागणिक वेगळा अर्थ: युरोपीय भाषांतल्या ‘खोट्या मित्रां’विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी येणाऱ्या मराठी माणसाने जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकायला घेतली की सुरुवातीचे दिवस सुखाचे जातात. पानापानावर ओळखीचे शब्द भेटतात आणि भाषा सोपी वाटू लागते. मग एखादा ओळखीचा शब्द भलत्याच अर्थाने समोर येतो आणि शंकांना सुरुवात होते. नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका इथे घेतल्या आहेत. या शब्दांच्या याद्या पाठ करून फारसं काही साधत नाही, असं माझं ठाम मत आहे. अर्थ कुठून निघाला आणि कुठे पोहोचला हे एकदा पाहिलं की शब्द विसरत नाही. आणि मराठी माणसाला हे पाहणं सोपं जातं, कारण त्यांतले कितीतरी प्रवास आपल्या भाषेनेही केलेले आहेत.

‘खोटे मित्र’ म्हणजे नेमकं काय?

दोन भाषांत दिसायला किंवा ऐकायला सारखे, पण अर्थाने वेगळे असलेले शब्द. फ्रेंचमध्ये त्यांना ‘फोझामी’ म्हणतात, म्हणजे खोटे मित्रच. हे नाव रूढ झालं ते १९२८ मध्ये केसलर आणि देरोकिन्यी या दोन फ्रेंच अभ्यासकांच्या पुस्तकामुळे. इंग्रजी आणि फ्रेंच यांच्यातल्या अशा फसव्या जोड्या त्यांनी त्यात गोळा केल्या होत्या. आज जवळजवळ प्रत्येक युरोपीय भाषेत या नावाचं भाषांतर वापरात आहे.

इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेट आणि जर्मनमध्ये विष. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, कारण दोन्ही शब्द ‘देणे’ या एकाच जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, डच आणि स्वीडिश ज्या कुळातल्या, त्या कुळाच्या) क्रियापदापासून आले आहेत. जे दिलं ते गिफ्ट. जुन्या जर्मनमध्येही या शब्दाचा अर्थ ‘देणं, दिलेली वस्तू’ असाच होता. त्याची खूण आजही शिल्लक आहे: जर्मनमध्ये ‘मिटगिफ्ट’ म्हणजे हुंडा, मुलीबरोबर दिलेलं धन.

विषाचा अर्थ आला तो औषधाच्या वाटेने. ग्रीकमध्ये ‘दोसिस’ म्हणजे देणं, आणि त्यावरून वैद्याने दिलेली मात्रा. आपण आज ज्याला डोस म्हणतो तो हाच शब्द, आणि त्याचं मूळ संस्कृत ‘दा’ या धातूचं, म्हणजे आपल्या ‘देणे’ आणि ‘दान’ यांचं सख्खं भावंड आहे. हा ग्रीक शब्द लॅटिनमध्ये गेला. त्याच्या वळणावर जर्मनमध्येही ‘दिलेली मात्रा’ या अर्थाने गिफ्ट वापरला जाऊ लागला आणि पुढे ‘दिलेली घातक मात्रा’ एवढाच अर्थ उरला. विषाचं नाव सरळ घ्यायचं नाही म्हणून सौम्य शब्द वापरायचा आणि कालांतराने त्या सौम्य शब्दालाच विषाचा अर्थ चिकटायचा, हे जगभर घडतं.

पुढची गंमत स्कँडिनेव्हियात आहे. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत ‘गिफ्ट’चे दोन अर्थ एकाच वेळी जिवंत आहेत: विष आणि विवाहित. विवाहित कसं? तर जिला लग्नात दिली ती. मराठी वाचकाला याचं स्पष्टीकरण द्यावं लागू नये. ‘मुलगी कुठे दिली?’ हा प्रश्न आपल्या घरोघर विचारला जातो. स्वीडिशमध्ये मात्र आज हा शब्द नवऱ्यालाही तितकाच लागू होतो.

डच भाषेने दोन रूपं वेगळी केली. ‘गिफ्ट’ म्हणजे देणगी आणि ‘गिफ’ म्हणजे विष. एका व्यंजनाचा फरक आहे, तेव्हा ॲम्स्टरडॅममध्ये पाटी नीट वाचावी.

स्पॅनिशमधल्या ‘एम्बारासादा’बद्दल सगळेच सावध का करतात?

कारण इंग्रजीत ‘एम्बॅरस्ड’ म्हणजे ओशाळलेली, संकोचलेली. आणि स्पॅनिशमध्ये ‘एम्बारासादा’ म्हणजे गरोदर. दोन्हींचा मूळ अर्थ एक: अडथळा होणं, हालचाल अवघड होणं. इंग्रजीने (फ्रेंचमार्गे) मनाची अडचण घेतली, स्पॅनिशने देहाची.

आता मराठीतला ‘अवघडणे’ आठवा. चारचौघांत कुणी भलतं बोललं की आपल्याला अवघडल्यासारखं होतं. आणि दिवस भरत आलेल्या बाईलाही ‘अवघडलेली’ म्हणतात. म्हणजे इंग्रजी आणि स्पॅनिशने वाटून घेतलेले दोन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दात सांभाळले आहेत. ही जोडी शिकवताना मला मराठीचा फार अभिमान वाटतो.

याच कुळातला ‘कॉन्स्टिपादो’. स्पेनमध्ये कुणी असं म्हणालं तर त्याला सर्दी झाली आहे, बद्धकोष्ठ नाही. पोर्तुगालमध्येही तसंच. लॅटिन मूळ ‘दाबून भरणे, चोंदणे’ असं आहे. इंग्रजीत पोट तुंबलं, स्पेनमध्ये नाक.

म्हणजे दिसायला सारखे शब्द नेहमी एकाच मुळातून येतात का?

नाही. कित्येकदा निव्वळ योगायोग असतो. इटालियनमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे लोणी, स्पॅनिशमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे गाढव. इटालियन शब्द लॅटिन ‘बुटिरुम’ म्हणजे लोण्यावरून आला, इंग्रजी ‘बटर’ त्याचाच नातलग. स्पॅनिश शब्द लहान घोड्यासाठी असलेल्या ‘बुर्रिकुस’ या उत्तरकालीन लॅटिन शब्दावरून. दोघांची वाट वेगळी, झिजून रूप मात्र एक झालं.

इटलीतल्या नळांवर ‘सी’ हे अक्षर दिसलं तर हात जपून पुढे करा. तिथे ‘काल्दो’ म्हणजे गरम. इंग्रजी ‘कोल्ड’ आणि जर्मन ‘काल्ट’शी त्याचा काही संबंध नाही. फ्रान्स आणि स्पेनमध्येही ‘सी’ गरम पाण्याचाच, कारण ‘शो’ आणि ‘कालिएन्ते’ हे शब्द ‘काल्दो’चे भाऊबंद आहेत.

योगायोगाचं सगळ्यात त्रासदायक उदाहरण ग्रीस आणि बल्गेरिया यांच्या सीमेवर सापडतं. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे होय. सीमा ओलांडून बल्गेरियात गेलं की ‘ने’ म्हणजे नाही. शिवाय बल्गेरियात मान डोलावण्याची पद्धतही इतर युरोपच्या उलट आहे. तिथे होकार-नकाराची खात्री शब्दांत, पूर्ण वाक्यात करून घेणं बरं.

स्लाव्हिक भाषा एकमेकींच्या इतक्या जवळच्या, मग चेक आणि रशियन माणसांचे गैरसमज का होतात?

जवळच्या आहेत म्हणूनच. परक्या भाषेत माणूस शब्दकोश उघडतो, बहिणीच्या भाषेत तो अंदाजाने पुढे जातो.

चेकमध्ये ‘पोझोर’ म्हणजे सावधान. प्रागच्या रस्त्यांवर, ट्राममध्ये, कुत्रा पाळलेल्या फाटकांवर हा शब्द दिसतो. रशियन प्रवाशाला मात्र तिथे ‘लाज! बेअब्रू!’ असं वाचायला मिळतं. मूळ धातूचा अर्थ ‘पाहणे’. चेकने त्यातून ‘नीट पाहा’ घेतलं. रशियनने ‘सगळ्यांनी पाहावं असा देखावा होणं’ घेतलं, आणि चारचौघांसमोर देखावा होणं म्हणजे अब्रू जाणं.

चेक माणूस पावाला ‘चेर्स्त्वी’ म्हणतो तेव्हा तो ताजा असतो. रशियन ‘चोर्स्त्वी’ म्हणजे शिळा, कडक झालेला. पोलिशमध्येही ‘चेर्स्त्वी’ पाव शिळाच. मूळ अर्थ होता ‘टणक, भक्कम’. माणूस टणक असेल तर तो धडधाकट, तरतरीत, आणि तिथून चेकमध्ये ताजा. पाव टणक असेल तर शिळा. दोन्ही बाजूंचं तर्कशास्त्र पक्कं आहे.

चेकमध्ये ‘उझास्नी’ म्हणजे अप्रतिम. रशियनमध्ये ‘उझास्नी’ म्हणजे भयानक. मुळात थरकाप उडवणारं ते उझास्नी. थरकाप भीतीने उडतो तसा विस्मयानेही. आपण ‘भयंकर सुंदर’ आणि ‘भयंकर आवडलं’ म्हणतो तेव्हा चेक माणसाच्याच वाटेने निघालेलो असतो. आपण अजून अर्ध्या वाटेवर आहोत इतकंच. नुसतं ‘सिनेमा भयंकर होता’ म्हटलं तर मराठीत ती अजून स्तुती होत नाही.

आणखी एक जोडी थोडक्यात. पोलिश ‘झापोम्न्येच’ म्हणजे विसरणे, रशियन ‘झापोम्नित’ म्हणजे लक्षात ठेवणे. धातू स्मरणाचाच, पण पुढे लागलेल्या ‘झा’ या उपसर्गाने दोन भाषांत दोन टोकं गाठली.

‘प्रोपिना’ म्हणजे बक्षिशी, फी की लाच?

तिन्ही. तुम्ही कुठे उभे आहात त्यावर अवलंबून. स्पेनमध्ये वेटरला दिलेली टिप म्हणजे प्रोपिना. पोर्तुगालमध्ये विद्यापीठाची फी म्हणजे प्रोपिना. विद्यार्थी तिच्या विरोधात मोर्चे काढतात तेव्हा फलकांवर हाच शब्द असतो. ब्राझीलमध्ये प्रोपिना म्हणजे लाच. २०१४ मध्ये तिथे ‘लाव्हा जातो’ या नावाने गाजलेला भ्रष्टाचाराचा तपास सुरू झाला, तेव्हा वर्तमानपत्रांत हा शब्द रोज मथळ्यात होता. पोर्तुगाल आणि ब्राझील यांची भाषा एकच, पोर्तुगीज. म्हणजे खोटे मित्र एकाच भाषेच्या घरातही असू शकतात.

मूळ शब्द ग्रीक आहे: ‘प्रोपिनो’, म्हणजे समोरच्याच्या नावाने प्याला उचलणे, आधी आपण पिऊन त्याला देणे. यातला ‘पिनो’ हा आपल्या ‘पिणे’चा दूरचा नातेवाईक. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये मानाने दिलेली छोटी रक्कम किंवा भेट असा अर्थ झाला. ती वेटरला दिली की टिप, शिक्षणसंस्थेला दिली की फी, अधिकाऱ्याला दिली की लाच.

पैशाचं नाव पेयावरून पडणं ही तर युरोपभरची रीत आहे. फ्रेंचमध्ये टिपेला ‘पूर्बवार’ म्हणतात, शब्दशः ‘पिण्यासाठी’. जर्मनमध्ये ‘ट्रिंकगेल्ड’, पिण्याचा पैसा. रशियन लोक ‘चहासाठी’ देतात. मराठीत आपण ‘चहापाणी’ म्हणतो, आणि या एका शब्दात स्पेनची टिप आणि ब्राझीलची लाच दोन्ही सुखाने नांदतात. कोणत्या टेबलावर चहापाणी द्यावं लागलं यावरून आपल्याला अर्थ कळतो.

पोर्तुगीज येत असेल तर स्पॅनिश आपोआप येते का? गोव्यात असं सर्रास ऐकायला मिळतं.

वाचता बरीच येते, बोलताना पाय घसरतो. पोर्तुगीज ‘पोल्वो’ म्हणजे ऑक्टोपस, स्पॅनिश ‘पोल्वो’ म्हणजे धूळ. पोर्तुगीज ‘इश्किझितो’ म्हणजे विचित्र, स्पॅनिश ‘एक्स्किसितो’ म्हणजे अतिशय रुचकर, उत्कृष्ट. यजमानाच्या स्वयंपाकाचं कौतुक करताना हा फरक लक्षात असलेला बरा. कापड घेताना ‘लार्गो’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये रुंद, स्पॅनिशमध्ये लांब. ‘ऑफिसिना’ पोर्तुगीजमध्ये गॅरेज किंवा कारखाना, स्पॅनिशमध्ये कचेरी.

आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेलं उदाहरण म्हणजे बटाटा. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेत ‘बताता’ म्हणजे रताळं. स्पॅनिशमध्ये ‘बाताता’ आजही रताळंच आहे, बटाट्याला स्पेनमध्ये ‘पाताता’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘पापा’ म्हणतात. पोर्तुगीजांनी मात्र ‘बाताता’ हे नाव बटाट्याला दिलं आणि रताळ्याला ‘गोड बटाटा’ म्हटलं. त्यांच्याकडून ते नाव मराठीत आलं. आपला ‘पगार’ही पोर्तुगीजच, पण तिथे ते ‘पैसे देणे’ असं क्रियापद आहे आणि आपल्याकडे महिनाअखेरीस हातात येणारी रक्कम.

अरबी-फारसी शब्दांचंही युरोपात असंच झालं का?

झालं, आणि हा भाग मला सर्वांत समृद्ध वाटतो, कारण आपण त्यात थेट सामील आहोत.

अरबी ‘मखाझिन’ म्हणजे कोठारं. त्याचं मूळ तेच, जे आपल्या ‘खजिन्या’चं. हा शब्द भूमध्य समुद्रावरच्या व्यापारातून युरोपात शिरला. फ्रेंच ‘मागाझँ’ आणि रशियन ‘मागाझिन’ म्हणजे दुकान. डच ‘मागाझैन’ म्हणजे गोदाम. इंग्रजीत दारूगोळ्याचं कोठार, बंदुकीतली गोळ्यांची पेटी, आणि नियतकालिकसुद्धा. हा शेवटचा अर्थ रूढ झाला तो लंडनमध्ये १७३१ साली निघालेल्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मुळे. माहितीचं कोठार अशी त्यामागची कल्पना होती.

‘दिवाण’ तर आणखी फिरला. फारसीत तो दफ्तर, कचेरी, दरबार आणि कवितांचा संग्रह. जर्मन कवी गटेने १८१९ मध्ये आपल्या काव्यसंग्रहाला हेच नाव दिलं. कचेरीत बसायच्या गादीच्या बैठकीवरून रशियनमध्ये ‘दिवान’ म्हणजे सोफा झाला, आणि पोलिशमध्ये ‘दिवान’ म्हणजे गालिचा. कर गोळा करणाऱ्या कचेरीवरून इटालियन ‘दोगाना’, फ्रेंच ‘दुआन’ आणि स्पॅनिश ‘आदुआना’ तयार झाले, म्हणजे जकात खातं, विमानतळावरचं कस्टम्स. मराठीत संस्थानचा दिवाण, दिवाणी दावा, दिवाणखाना आणि झोपायचा दिवाण अशी सगळी मंडळी आहेत. पॅरिसच्या विमानतळावर सामान तपासून घेताना समोरची ‘दुआन’ ही पाटी आपल्या दिवाणाची आहे हे कळलं की परकेपणा थोडा कमी होतो.

आकडे तरी सगळीकडे सारखे असतात ना?

आकडे सारखे, त्यांची नावं नाहीत. आज इंग्रजीत ‘बिलियन’ म्हणजे १०० कोटी, आपलं अब्ज. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिशमध्ये याच रूपाचा शब्द म्हणजे १ लाख कोटी, हजारपट मोठा. अब्जाला जर्मन माणूस ‘मिलियार्डं’ म्हणतो. ब्रिटनही पूर्वी १ लाख कोटीलाच बिलियन म्हणत असे. १९७४ मध्ये तिथल्या सरकारने अधिकृत आकडेवारीत अमेरिकी अर्थ स्वीकारला. त्याआधीची ब्रिटिश पुस्तकं वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

वेळेचंही तसंच. ब्रिटिश माणूस बोलताना ‘हाफ थ्री’ म्हणतो तेव्हा साडेतीन वाजलेले असतात. जर्मन ‘हाल्ब द्राय’ आणि डच ‘हाल्फ द्री’ म्हणजे मात्र अडीच. दोन्हींचा शब्दशः अर्थ ‘अर्धा तीन’. जर्मन माणूस तिसऱ्या तासाचा अर्धा भाग मोजतो. हे विचित्र वाटत असेल तर आपला ‘अडीच’ पाहा. तो संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून आला आहे, म्हणजे ‘तिसरा अर्धा’. जर्मन घड्याळ आणि मराठी अडीच एकाच पद्धतीने मोजतात.

अशा शब्दांमुळे खरोखर कुणाचं नुकसान झालं आहे का? की हे सगळे किस्सेच?

काही नुसते किस्से आहेत. ‘शेव्हरोले नोव्हा’ गाडी स्पॅनिशभाषक देशांत खपली नाही, कारण ‘नो व्हा’ म्हणजे ‘चालत नाही’, ही कथा व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून सांगितली जाते. ती खोटी आहे. गाडी मेक्सिको आणि व्हेनेझुएलात व्यवस्थित खपली. मेक्सिकोची सरकारी तेल कंपनी तर ‘नोव्हा’ याच नावाने पेट्रोल विकत असे. ‘मित्सुबिशी पजेरो’चं मात्र खरं आहे. स्पॅनिशमध्ये त्या शब्दाला अश्लील अर्थ असल्याने स्पेन आणि अमेरिका खंडातल्या अनेक देशांत ती ‘माँतेरो’ नावाने विकली गेली.

एक घटना मात्र अतिशय गंभीर आहे. १९८० मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात १८ वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलं. क्यूबाहून आलेल्या त्याच्या घरच्यांनी ‘इन्तोक्सिकादो’ हा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत याचा अर्थ ‘खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलं’. डॉक्टरांना तो इंग्रजी ‘इंटॉक्सिकेटेड’ वाटला आणि त्यांनी अमली पदार्थांचा अतिरेक समजून उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तो कळेपर्यंत वेळ गेली आणि त्या मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. भरपाईची तडजोड सुमारे ७ कोटी डॉलरची झाली. वैद्यकीय दुभाषा हा खर्चाचा नव्हे तर उपचाराचाच भाग आहे, हे पटवण्यासाठी हे प्रकरण आजही तिथे शिकवलं जातं. आपल्याकडच्या परिचारिका जर्मनीला जातात तेव्हा त्यांच्या भाषेच्या परीक्षेबद्दल कुरकुर ऐकू येते. मला ती परीक्षा अजिबात जाचक वाटत नाही.

सर्वांत धोकादायक शब्द कोणते?

गाढव आणि लोणी यांत गोंधळ झाला तर तो लगेच उघडा पडतो. वाक्य अर्थपूर्ण राहूनही चुकीचं ठरतं तिथे खरा धोका असतो. जर्मन सहकाऱ्याने ‘एव्हेन्टुएल’ येतो म्हटलं तर तो ‘कदाचित’ येईल. इंग्रजीच्या सवयीने आपण ‘शेवटी येईलच’ असं समजून बसतो. ‘आक्टुएल’ म्हणजे ‘सध्याचा’, ‘खराखुरा’ नव्हे. ‘आक्टुएल’ किंमत ही आजची किंमत. फ्रेंच ‘देमांदे’ म्हणजे विचारणं किंवा विनंती करणं. ती मागणी समजली तर साध्या पत्राला धमकीचा सूर येतो. फ्रेंच आणि स्पॅनिशमधलं ‘सेन्सिबल’ म्हणजे हळवा, संवेदनशील. इंग्रजीतलं समंजस नव्हे.

‘कंट्रोल’ हा माझ्या मते सर्वांत कपटी. फ्रेंचमध्ये त्याचा मुख्य अर्थ तपासणी, इंग्रजीत ताबा. युरोपीय संघाच्या कागदपत्रांत असे शब्द इतके घुसले की संघाच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१३ मध्ये चुकीच्या अर्थाने वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दांची स्वतंत्र पुस्तिकाच काढली. ‘कंट्रोल’ तिच्यात आहे.

इंग्रजी शब्द इतर भाषांत गेले की ते तरी तसेच राहतात का?

नाही. जर्मनीत मोबाइलला ‘हँडी’ म्हणतात, फ्रेंच, जर्मन आणि इटालियनमध्ये ‘स्मोकिंग’ म्हणजे पुरुषांचा समारंभाचा काळा कोट. इंग्रज माणसाला हे दोन्ही अर्थ कळत नाहीत.

भारतीय भाषांत असं आहे का?

भरपूर. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. हिंदीत उपन्यास म्हणजे कादंबरी, तेलुगूत उपन्यासम् म्हणजे व्याख्यान. हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्याशी झालेला असा एखादा गोंधळ आठवला की युरोपातलं चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हे शब्द लक्षात कसे ठेवायचे?

दोन्ही अर्थांना जोडणारा मूळ अर्थ शोधा आणि तो मराठीत बोलून पाहा. स्पॅनिश ‘एक्सितो’ म्हणजे यश. इंग्रजी ‘एक्झिट’शी ते का जुळत नाही असा प्रश्न पडला तर लॅटिन मूळ पाहा: बाहेर पडणं, शेवट. कामाचा शेवट म्हणजे निकाल, आणि चांगला निकाल म्हणजे यश. आपणही ‘काम तडीस गेलं’ म्हणतो. एवढं केलं की तो शब्द पुन्हा फसवत नाही. बाकी, ओळखीचा वाटलेला शब्दही एकदा शब्दकोशात पाहायचा. जर्मन-जर्मन किंवा फ्रेंच-फ्रेंच कोश लवकर हाताळायला घेतला तर उत्तम, कारण इंग्रजी मध्ये आली की तिचे अर्थही सोबत येतात.

हे अर्थ कायम असेच राहतील का?

काही जोड्या एकमेकींकडे सरकत आहेत. फ्रेंच ‘रेआलिझे’ आणि जर्मन ‘रेआलिझीरन’ यांचा जुना अर्थ ‘प्रत्यक्षात आणणे’. इंग्रजीच्या प्रभावाने दोन्ही भाषांत आता ‘लक्षात येणे’ असाही अर्थ सर्रास वापरला जातो. भाषेचे रखवालदार नाराज आहेत, पण तरुण पिढी तो वापरतेच. जुन्या पुस्तकात हा शब्द भेटला तर पहिला अर्थ धरावा, कालच्या मेसेजमध्ये भेटला तर बहुधा दुसरा.